यार्डात लोखंड आहे, पण स्क्रीनवर ‘गहाळ’ दिसतं: आरएफआयडी टॅग का वाचले जात नाहीत आणि काय तपासायचं

वडाळ्याच्या साइटवर जुलैमधल्या एका संध्याकाळी स्टोअरचा मुलगा हँडहेल्ड रीडर (प्रत्येक बंडलाला बांधलेल्या आरएफआयडी टॅगचा नंबर रेडिओ लहरींनी लांबून वाचणारं हातातलं यंत्र) घेऊन लोखंडाच्या यार्डात फिरून आला. रजिस्टरला 38 बंडलं, रीडरनं वाचली 29. उरलेल्या नऊंच्या पुढे स्क्रीनवर लाल अक्षरात ‘गहाळ’. त्या एका शब्दावरून रात्रपाळीच्या वॉचमन काकांना केबिनमध्ये उभं करून तासभर झाडाझडती घेतली गेली. मी तिथेच होते आणि गप्प बसले, याचं मला आजही वाईट वाटतं.

लोखंडाचं बंडल साधारण 2 टनांचं धरा. नऊ बंडलं म्हणजे 18 टन. 12 मीटर लांबीच्या सळया. उचलायला क्रेन, न्यायला ट्रेलर, आणि आमच्या गल्लीत ट्रेलर वळवायचा तर अर्धी गल्ली जागी होते. एवढा साधा हिशेब त्या संध्याकाळी कुणीच केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम आणि मी खडू घेऊन यार्डात उतरलो, एकेका बंडलावर खूण करत मोजलं. 38 भरली. मी काकांची माफी मागितली, पण गेटवरच्या बाकीच्या लोकांनी आदल्या रात्री जे पाहिलं ते पुसलं गेलं नाही.

हा त्रास एकदा दुरुस्त केला की संपला, असं होत नाही. पाऊस लागला की परत येतो, नवा ट्रेलर उतरला की येतो, लाइट जाऊन आली की येतो. दरवेळी कारण वेगळं निघतं आणि दरवेळी सगळे हात एकाच बटणाकडे जातात: रीडरची पॉवर वाढवा. मी ज्या क्रमानं तपासते तो खाली लिहिते आहे. कुणालाही काही विचारायच्या आधी एवढं करून बघा.

आधी रीडर धड आहे का ते ठरवा

गेटजवळ आणि यार्डाच्या तोंडाशी प्लायच्या तुकड्यावर एकेक टॅग कायमचा चिकटवून ठेवा, पत्र्यापासून हातभर लांब. आम्ही त्याला साक्षी टॅग म्हणतो. दिवसाचं पहिलं काम तो वाचणं. साक्षी टॅग नेहमीच्या अंतरावरून वाचला तर रीडर, अँटेना, वायर सगळं ठीक आहे आणि दोष मालाकडच्या टॅगमध्ये शोधायचा. नाही वाचला तर यार्डात एक पाऊलही टाकू नका, आधी गेटच्या खांबाकडे जा, म्हणजे गेटवरच्या कायमच्या रीडरच्या अँटेना जिथे लावल्या आहेत तिथे.

खांबावर पहिला संशय वायरीच्या जोडावर घ्या. आपल्याकडची हवा खारी, त्यात पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट जोडात शिरतं. जोड उघडल्यावर पितळेवर हिरवट थर दिसला तर तो साफ करण्यात वेळ घालवू नका, जोडच बदला. नवा लावताना वर रबरी सील टेप गुंडाळा आणि रीडरच्या डब्यात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. वायर कोणती आहे तेही बघा. आरजी-58 जातीची बारीक वायर 10 मीटर ओढली की रीडरची निम्म्याहून जास्त शक्ती वायरीतच विरते. गेटच्या दोन्ही खांबांना एकाच डब्यातून वायर नेणाऱ्यांचं इथेच चुकतं. जाड वायर महाग पडते, पण तो खर्च एकदाच होतो.

आणि एक कारण असं, जे सापडायला मला तीन आठवडे लागले. या टॅगसाठी भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून विनापरवाना वापरायला मोकळा आहे, तोही रीडरच्या 1 वॅट शक्तीच्या मर्यादेत. अमेरिकेत तोच पट्टा 902 ते 928 आहे. आमचा एक रीडर लाइट जाऊन आली की स्वतःच्या मूळ सेटिंगवर जायचा आणि ते सेटिंग अमेरिकेचं होतं. आपल्याकडे 890 ते 915 मध्ये मोबाइल फोन बोलतात. म्हणजे नियमाचा भंग तर होताच, शिवाय फोनच्या गोंगाटात टॅगचा क्षीण आवाज बुडून जायचा. कधी वाचायचा, कधी नाही. ‘पाऊस पडला की बिघडतो’ असं आम्हाला वाटायचं, कारण पावसात लाइट जास्त वेळा जायची. रीडरच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत आहे ना, हे दर लाइट गेल्यावर बघा. आम्ही शेवटी रीडरला छोटा यूपीएस लावला.

लोखंडावरचा टॅग

खरा घोळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हे टॅग बॅटरीशिवाय चालतात. रीडरच्या लहरीतूनच त्यांना वीज मिळते आणि तीच लहर थोडी हलवून ते आपला नंबर परत पाठवतात. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा. तो काचेवर लावतात, बॉनेटवर का लावत नाहीत? कारण धातूला चिकटला की साधा टॅग मुका होतो. पत्र्यावरून परतणारी लहर येणाऱ्या लहरीला अगदी पृष्ठभागावरच मारते, आणि धातूच्या शेजारामुळे टॅगच्या अँटेनाचा सूरही बिघडतो. खालापूरच्या टोल नाक्यावर जो टॅग गाडी सरकता सरकता वाचला जातो, तोच 16 मिलिमीटरच्या सळईला चिकटवा, रीडर नाकाशी नेला तरी गप्प बसेल.

यावर धातूसाठीचे खास टॅग मिळतात. आत जाडसर थर असतो, तो अँटेनाला धातूपासून उचलून धरतो. आम्ही तेच घेतले आणि तरी अडकलो. हे टॅग सपाट पत्र्यासाठी बनवलेले असतात. सळयांचं बंडल सपाट नसतं. टॅग दोन गोल सळयांवर टेकतो, मध्ये खाच, आणि त्याला खाली जो पत्रा हवा असतो तोच मिळत नाही. दोन उपाय चालले. पहिला, टॅग आधी तळहाताएवढ्या सपाट पत्र्याच्या बिल्ल्यावर बसवायचा आणि बिल्ला बंडलाला बांधायचा. दुसरा, स्वस्त आणि आमच्या यार्डात जास्त टिकलेला: प्लॅस्टिकच्या कवचातला साधा टॅग नायलॉनच्या टायनं सळयांपासून लांब लोंबता ठेवायचा. किती लांब? या लहरीची लांबी साधारण 35 सेंटिमीटर आहे, तिचा चौथा हिस्सा 9 सेंटिमीटरच्या आसपास येतो. तेवढं अंतर मिळालं की परतणारी लहर मारण्याऐवजी मदतीला येते. चार बोटं आडवी धरा आणि वर आणखी थोडं, एवढं माप लोकांच्या लक्षात राहतं. बाइंडिंग वायरनं मात्र बांधू नका. हाताशी असते म्हणून फिटर तीच वापरतात आणि टॅगभोवती लोखंडाचे दोन वेढे बसतात.

आता त्या नऊ बंडलांकडे परत या. सकाळी मी एकेक टॅग शोधून काढला तेव्हा दिसलं ते असं. चार टॅग बंडलाखालच्या लाकडी ओंडक्यावर पालथे दाबलेले, वर दोन टनांचं वजन. तीन ठिकाणी नायलॉन टाय इतका आवळलेला की टॅग दोन सळयांच्या खाचेत रुतून बसलेला. उरलेल्या दोघांवर शेजारच्या मिक्सरच्या धुण्याचं सिमेंटचं पाणी वाळून करडा पापुद्रा धरला होता आणि वर पावसाचं पाणी साचलं होतं. नऊपैकी एकही टॅग खराब नव्हता. सोडवून हातात धरला की लगेच वाचला जायचा.

हे असं का बांधलं गेलं? शहरात अवजड वाहनांना दिवसा गर्दीच्या वेळी बंदी असते, म्हणून कळंबोलीहून निघालेला ट्रेलर आमच्या गेटवर रात्री अकरानंतर लागतो. पाऊस चालू, एका हातात बॅटरी, क्रेनवाला घाई करतोय. अशा वेळी बिगारी टॅग जिथे हात पोचेल तिथे बांधतो आणि घट्ट बांधतो, कारण घट्ट म्हणजे चांगलं असंच कुणालाही वाटेल. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हा टॅग लोंबायला हवा. आम्ही नंतर एक जुनं बंडल नमुना म्हणून गेटवर ठेवलं, बरोबर बांधलेल्या टॅगसकट. तोंडी सूचनांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

जागेचाही नियम करा. 12 मीटरच्या बंडलाचं कोणतं टोक? आम्ही ठरवलं, रस्त्याकडचं टोक, वरची बाजू. ज्या यार्डात दोन्ही बाजूंनी फिरता येत नाही तिथे दोन्ही टोकांना टॅग लावा, पण सॉफ्टवेअरमध्ये ते एकाच बंडलाचे आहेत अशी नोंद करून घ्या, नाहीतर साठा दुप्पट दिसेल आणि उलटा गोंधळ सुरू होईल. कारखान्याचा जो बिल्ला बंडलाला येतो, त्यावरचा हीट नंबर (भट्टीच्या ज्या घाणीतून ते लोखंड निघालं तिचा क्रमांक) टॅगच्या नोंदीत टाकायला विसरू नका. टेस्ट सर्टिफिकेटशी माल जोडणारा धागा तोच आहे.

टॅगशेजारी ऑइल पेंटनं बंडलाचा नंबरही घाला. पिवळा रंग, बोटभर जाड आकडे. रीडर बंद पडला तरी माणसाला वाचता येतं.

पाऊस

पाणी या लहरी पितं. टॅगच्या कवचावर पाण्याचा नुसता पातळ थर असला तरी वाचण्याचं अंतर बरंच घटतं, भिजलेल्या गोणपाटाखाली गेला तर आशा सोडा. उपाय साधा आहे: टॅग उभा लोंबेल असा बांधा, म्हणजे पाणी वर थांबत नाही. मोजणी मुसळधार पावसात करू नका, केली तर तिच्यावर निर्णय घेऊ नका. गेटचा कंट्रोल बॉक्स गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलेला दिसला तर तो छातीच्या वर घ्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता; सखल भागात साइट असेल तर हे लक्षात ठेवूनच खांब उभा करा.

सिमेंटच्या गोणीगोणीला टॅग लावायचा आग्रह काही ठिकाणी होतो. 50 किलोची गोणी दोन दिवसांत फाडून संपते, टॅग कचऱ्यात. लॉटला एक टॅग पुरे. गोणीवर छापलेला आठवडा त्याच्या नोंदीत घाला, म्हणजे तीन महिने उलटलेला साठा परत तपासायचा की नाही ते कळतं.

काँक्रीटची ताकद तपासायला जे नमुन्याचे क्यूब भरतात, त्यांचं वेगळं आहे. 150 मिलिमीटरच्या क्यूबमध्ये टॅग पुरला की अदलाबदलीची शंका राहत नाही, हे मला फार आवडतं. पण ताजं काँक्रीट ओलं असतं आणि क्युरिंगच्या टाकीत क्यूब पाण्याखाली. तिथे वाचायचा प्रयत्नच करू नका. टाकीत ठेवण्याआधी बाहेरच्या लेबलवरून नोंद घ्या. 7 किंवा 28 दिवसांनी बाहेर काढून पुसून घेतला की रीडर अगदी टेकवून वाचा.

न हललेला माल ‘बाहेर गेला’ दिसतो तेव्हा

हा उलटा त्रास माझ्या मते जास्त घातक आहे, कारण यात सिस्टिम ठामपणे खोटं बोलते. बंडल यार्डात पडून आहे आणि गेटचा रीडर रात्री सव्वादोनला ते बाहेर गेल्याची नोंद करतो. त्या वेळी गेटवर कोण होतं, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

मुंबईच्या साइटवर हे जास्त होतं आणि त्याला कारण आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेनं धूळ रोखण्यासाठी जे नियम काढले, त्यात 70 मीटरपेक्षा उंच इमारतीच्या साइटभोवती किमान 35 फूट उंच पत्र्याचं कुंपण आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुण्याची सोय सांगितली आहे. नियम योग्यच आहे, आजूबाजूच्या लोकांना श्वास घ्यायचा असतो. पण रीडरच्या दृष्टीनं आपण गेट पत्र्याच्या आरशांमध्ये उभं करतो. अँटेनाची लहर पत्र्यावर आपटून भलत्याच कोपऱ्यात जाते आणि वीस मीटरवरचं बंडल गेटमधून गेल्यासारखं वाचलं जातं. त्याच वेळी चाकं धुण्याच्या फवाऱ्यामुळे खरोखर जाणाऱ्या गाडीतला टॅग निसटतो. दोन्ही चुका एकाच गेटवर.

इथे पॉवर कमी करा. रीडरवर पॉवर डीबीएम या मापात दिसते: 30 डीबीएम म्हणजे 1 वॅट, 24 म्हणजे पाव वॅट. आमच्या गेटवर 24 वर गाडी नीट वाचली गेली आणि यार्डातल्या बंडलांची नोंद थांबली. अँटेना कुंपणाकडे तोंड करून नको, वरून तिरकी रस्त्यावर रोखलेली हवी. रीडर चोवीस तास चालू ठेवण्याऐवजी गाडी आल्यावरच जागा होईल असा सेन्सर लावा. आणि एकाच अँटेनानं ‘आत’ की ‘बाहेर’ ठरवू नका. दोन अँटेना ठेवा, आधी आतली आणि मग बाहेरची वाचली तरच ‘बाहेर’. चाकं धुण्याची जागा रीडरच्या आधी किंवा नंतर, चार-पाच मीटर अंतर राखून.

कटिंगला गेलेलं बंडल

वरचं सगळं ठीक असूनही हिशेब जुळत नसेल, तर बार बेंडिंगच्या मशीनपाशी जा. तिथे बंडल सुटतं, टाय तुटतो आणि टॅग कापलेल्या तुकड्यांसोबत भंगारात जातो. स्क्रीनवर मात्र 2 टन जसेच्या तसे, किंवा पुढच्या मोजणीत अख्खं बंडल ‘गहाळ’. टॅग फक्त स्वतःचा नंबर सांगतो, सळया मोजत नाही, हे ऑफिसमध्ये बसणाऱ्यांना पुन्हा पुन्हा समजवावं लागतं.

मशीनशेजारी एक पेटी ठेवा. बंडल सोडायच्या आधी टॅग वाचायचा, ‘सोडलं’ अशी नोंद करायची आणि टॅग पेटीत टाकायचा. तो पुढच्या ट्रेलरला परत वापरता येतो. तिथून पुढचा हिशेब सळयांचा: व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 16 मिलिमीटरची सळई मीटरला 1.58 किलो, 12 मीटरची जवळपास 19 किलो, 2 टनांत साधारण 105 सळया. बीबीएसशी (बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कोणती सळई किती कापायची-वाकवायची याची यादी) ताळा त्या आकड्यानं घाला. सळयांसाठीच्या आयएस 1786 या भारतीय मानकात या मापाच्या सळईच्या वजनाला 5 टक्के कमी-जास्त चालतं. 2 टनांवर 100 किलो. एवढ्या फरकासाठी टॅग शोधत बसू नका आणि माणसंही शोधू नका.

एक छोटी गोष्ट राहिली. मोजणी लवकर व्हावी म्हणून दोघं जण दोन रीडर घेऊन एकाच यार्डात उतरतात. एकदा वाचला गेलेला टॅग काही वेळ मुद्दाम गप्प राहतो, हे त्याच्या घडणीतच आहे, नाहीतर शेकडो टॅग एकदम बोलतील. दोन्ही रीडर एकाच सेशनवर (वाचलेल्या टॅगनं कोणासाठी गप्प राहायचं ते ठरवणारं रीडरचं सेटिंग) असले तर पहिल्यानं वाचलेला टॅग दुसऱ्याला सापडत नाही, आणि दोन याद्या एकत्र केल्या नाहीत तर दोन्ही अपुऱ्या राहतात. एका वेळी एकानंच फिरावं, किंवा सेशन वेगवेगळे ठेवावे.

स्क्रीनवरचा ‘गहाळ’ हा शब्द आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांकडून काढून घेतला. आता तिथे ‘वाचला नाही’ येतं आणि शेजारी शेवटचा कधी, कुठे वाचला ते. ही यादी घेऊन दोघं यार्डात जातात, एक स्टोअरचा, एक सिक्युरिटीचा, आणि पेंटचा नंबर डोळ्यांनी शोधतात. सापडलं की दोघांची सही. दोघांनाही सापडलं नाही तरच चलन, काट्याची पावती आणि गेटचं रजिस्टर बाहेर निघतं. वॉचमन काका आता या फेरीला स्वतःहून येतात. परवा यादीत एकच बंडल होतं. मी रीडर फिरवत होते, तोवर त्यांनी वाकून ओंडक्याखालून टॅग ओढला, शर्टाच्या बाहीनं पुसला आणि माझ्यापुढे धरला. ‘‘मॅडम, पालथा पडला होता. आता वाचा.’’